घुबडाला दिवसा खरंच दिसत नाही का?

पक्ष्यांबद्दल बोलायला कुठल्याही शाळेत किंवा गावात जा, घुबडाचा विषय निघाला की दोन प्रश्न ठरलेले असतात. मुलं विचारतात, "घुबडाला दिवसा दिसत नाही ना?" आणि मुलं पांगली की एखादी आजी जवळ येऊन हळूच विचारते, "घरावर येऊन बसलं तर काही वाईट होतं का हो?"

दोन्ही प्रश्नांचं उत्तर 'नाही' असंच आहे. पण नुसत्या 'नाही'ने कुणाचं समाधान होत नाही, आणि होऊही नये. घुबड पाहून अंगावर काटा येतो तो काही उगाच नाही. रोखून पाहणारे मोठाले डोळे, पार पाठीमागे वळणारं तोंड, पंखांची चाहूल न देता अंधारातून एकदम समोर येणं आणि मध्यरात्रीची किंकाळी, एवढं सगळं दुसऱ्या कुठल्या पक्ष्यात एकत्र सापडत नाही. म्हणून या प्रकरणात आपण भीती वाटायला लावणारी एकेक गोष्ट घेऊ आणि ती घुबडाच्या काय कामाची आहे ते पाहू.

१. आपल्या ओळखीची घुबडं

जगात घुबडांच्या सुमारे अडीचशे जाती आहेत. त्यातल्या तीसहून अधिक भारतात आढळतात. महाराष्ट्रात राहणाऱ्या माणसाला निदान तीन ओळखता यायला हरकत नाही.

पहिला पिंगळा. साळुंकीएवढा, राखी-तपकिरी अंगावर पांढरे ठिपके, पिवळे डोळे. चिंचेच्या, आंब्याच्या ढोलीत किंवा जुन्या भिंतीच्या भोकात जोडीने राहतो आणि दिवस मावळला की चिरक्या आवाजात कलकलाट करतो. गावात 'घुबड ओरडलं' म्हणतात तेव्हा बऱ्याचदा तो पिंगळाच असतो. पहाटे कंदील घेऊन दारोदार येणारे आणि भविष्य सांगणारे पिंगळा जोशी याच पक्ष्याची भाषा आपल्याला कळते असं सांगत आले आहेत.

दुसरं गव्हाणी घुबड. पांढरा, बदामाच्या आकाराचा चेहरा, काळे डोळे, सोनेरी पाठ. जुने वाडे, गोदामं, देवळांची शिखरं, पडक्या गढ्या आणि शहरात इमारतींच्या खाचा ही त्याची राहण्याची ठिकाणं. रात्री ऐकू येणारी ती लांब, खरखरीत किंकाळी याची.

तिसरं शृंगी घुबड. उंचीला दीड-पावणेदोन फूट, नारिंगी डोळे, डोक्यावर पिसांचे दोन तुरे. नदीकाठच्या दरडी, खाणी, खडकाळ माळ हे त्याचं घर. डोक्यावरच्या त्या तुऱ्यांना लोक कान समजतात, पण ती नुसती पिसं आहेत. कान कुठे असतात ते पुढे येईलच.

२. डोळे

घुबडाला दिवसा चांगलं दिसतं. उजेड वाढला की आपल्यासारखीच त्याच्याही डोळ्याची बाहुली बारीक होते. पिंगळा तर भर दुपारी ढोलीच्या तोंडाशी ऊन खात बसतो आणि खालून जाणाऱ्या माणसावर नजर ठेवतो. हिवाळ्यात माळरानांवर येणारं आखूडकानी घुबड उजेड असतानाही शिकार करतं.

मग बहुतेक घुबडं दिवसा लपून का बसतात? एक तर त्यांचं भक्ष्य रात्री बाहेर पडतं. दुसरं म्हणजे बाकीचे पक्षी त्यांना सुखाने बसू देत नाहीत. घुबड दिसलं की कावळे, बुलबुल, कोतवाल गोळा होतात, आरडाओरडा करतात, टोचे मारतात. रात्री झोपेत उचलून नेणारा शत्रू दिवसा सापडला की सगळे मिळून त्याला हुसकावतात. ही गोष्ट आपल्या पूर्वजांनी फार बारकाईने पाहिलेली होती. पंचतंत्राचं एक अख्खं तंत्र कावळे आणि घुबडांच्या वैरावर रचलेलं आहे. महाभारताच्या सौप्तिक पर्वात झोपलेल्या कावळ्यांना मारणारं घुबड पाहूनच अश्वत्थाम्याला रात्रीच्या हल्ल्याची कल्पना सुचते. कथा बाजूला ठेवली तरी त्यामागचं निरीक्षण आजही कुठल्याही वडाखाली पडताळून पाहता येतं.

आता त्या रोखलेल्या नजरेकडे वळू. आपला डोळा गोल असतो आणि खोबणीत फिरतो. घुबडाचा डोळा लांबट नळीच्या आकाराचा असतो आणि हाडाच्या कड्यात घट्ट बसवलेला असतो. एवढा मोठा डोळा एवढ्याशा डोक्यात मावायचा, तर गोल ठेवून चालणार नव्हतं. म्हणजे घुबड आपल्याकडे टक लावून पाहतं, कारण त्याला डोळे इकडेतिकडे फिरवताच येत नाहीत. शिवाय त्याचे दोन्ही डोळे माणसासारखे समोर आहेत आणि डोळा मिचकावताना वरची पापणी खाली येते. त्यामुळे तो चेहरा आपल्याला माणसासारखा वाटतो, आणि मला वाटतं, भीतीतला मोठा वाटा या साम्याचाच आहे.

दोन्ही डोळे समोर असल्याचा फायदा असा, की दोघांना एकच दृश्य किंचित वेगळ्या कोनातून दिसतं आणि त्यातून अंतराचा अंदाज येतो. पिंगळा डोकं वर-खाली, डावी-उजवीकडे झुलवतो ते याच हिशोबासाठी. जागा बदलली की जवळची वस्तू जास्त सरकल्यासारखी वाटते, लांबची कमी.

मात्र घुबडाच्या नजरेबद्दलच्या अतिशयोक्तीलाही आवर घालायला हवा. 'माणसाच्या शंभरपट' वगैरे आकडे सांगितले जातात. युरोपातल्या एका वनघुबडावर झालेल्या चाचण्यांत त्याची अंधारातली नजर माणसापेक्षा दोन-तीन पटच सरस निघाली. मग अमावस्येच्या रात्री पाचोळ्याखालचा उंदीर त्याला सापडतो तरी कसा, हा खरा प्रश्न आहे. त्याआधी मानेचं थोडक्यात पाहू.

३. मान

डोळे फिरत नसतील तर डोकं फिरवावं लागणार. घुबडाच्या मानेत १४ मणके असतात. आपल्या मानेत सात. या १४ मणक्यांच्या जोरावर घुबड एका बाजूला २७० अंशांपर्यंत मान वळवू शकतं. हे पूर्ण वर्तुळाचे तीन चतुर्थांश झाले. मान गरागरा सगळीकडून फिरते, ही समजूत खरी नाही.

एवढी मान पिळल्यावर मेंदूकडे जाणारं रक्त बंद कसं पडत नाही? अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये याचं उत्तर दिलं. घुबडाच्या मणक्यांतली भोकं त्यांतून जाणाऱ्या रक्तवाहिनीच्या सुमारे दहापट रुंद असतात, त्यामुळे वळताना वाहिनी चिमटत नाही. आणि जबड्याखालच्या रक्तवाहिन्या फुगून थोडं रक्त साठवून ठेवतात. मान वळलेली असताना मेंदूला ते पुरतं.

४. कान

आजीला नीट ऐकू येत नसलं की ती कानामागे तळहाताचा पेला धरते. घुबडाचा अख्खा चेहरा म्हणजे तसा पेला आहे. चोचीच्या दोन्ही बाजूंना कडक, दाट पिसांची गोल तबकडी असते. आलेला आवाज गोळा करून ती कानांकडे वळवते. कान म्हणजे या पिसांखाली, डोळ्यांच्या मागे असलेली दोन भोकं.

गव्हाणी घुबडात ही दोन भोकं एका पातळीवर नसतात. डावं थोडं वर असतं आणि त्याचा रोख खाली असतो. उजवं थोडं खाली असतं आणि त्याचा रोख वर असतो. हा तिरकसपणा सगळ्या घुबडांत नसतो, पण जिथे आहे तिथे तो फार कामाचा आहे.

आधी डावं-उजवं कसं कळतं ते पाहू, थोडा हिशोब करून. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. घुबडाच्या दोन कानांत अंतर पाच सेंटिमीटर धरा. आवाज अगदी उजवीकडून आला तर तो उजव्या कानात आधी पोचेल, आणि उरलेले पाच सेंटिमीटर कापून डाव्या कानात जायला त्याला सेकंदाचे सुमारे दीडशे दशलक्षांश भाग लागतील. आवाज समोरून आला तर हा फरक शून्य. थोडा उजवीकडून आला तर मधला कुठला तरी. एवढासा फरक घुबडाचा मेंदू मोजतो आणि त्यावरून दिशा ठरवतो. आपणही हेच करतो, पण आपलं डोकं मोठं असल्यामुळे आपल्याला मोजायला जास्त फरक मिळतो. घुबड त्याहून कितीतरी कमी फरकावर भागवतं.

वर-खालीचं काय? तिथे तिरके कान उपयोगी पडतात. आवाज खालून आला तर खाली रोखलेल्या डाव्या कानात तो मोठा ऐकू येतो, वरून आला तर उजव्या कानात. म्हणजे आवाज पोचण्याच्या वेळेवरून डावं-उजवं आणि आवाजाच्या तीव्रतेवरून वर-खाली कळतं. दोन्ही जुळलं की उंदराची जागा निश्चित झाली.

ही नुसती कल्पना नाही. रॉजर पेन या अमेरिकी शास्त्रज्ञाने, जो पुढे देवमाशांच्या गाण्यांच्या अभ्यासासाठी जगप्रसिद्ध झाला, गव्हाणी घुबडाला पूर्ण काळोख्या खोलीत ठेवलं. जमिनीवर पाचोळा पसरला आणि उंदीर सोडला. घुबडाने तो पकडला. वासाने किंवा अंगाच्या उबेने तर नाही ना सापडला? म्हणून पेनने उंदराऐवजी कागदाचा बोळा पाचोळ्यातून ओढला, आणि घुबडाने त्या बोळ्यावरही झडप घातली. एका कानात बोळा घातला की मात्र नेम चुकला.

पुढे १९७८ मध्ये मासाकाझू कोनिशी आणि एरिक नुडसन यांनी कॅलिफोर्नियात याहून विलक्षण गोष्ट दाखवली. घुबडाच्या मेंदूत अशा पेशी आहेत, की त्यातली प्रत्येक एका ठराविक दिशेच्या आवाजालाच प्रतिसाद देते. शेजारच्या पेशी शेजारच्या दिशा सांभाळतात. म्हणजे आपल्याला डोळ्यांनी दिसतो तसा अवतीभोवतीच्या जागेचा एक नकाशा घुबडाच्या मेंदूत आवाजावरून तयार होतो. मला घुबडाबद्दल माहीत असलेल्या गोष्टींत ही सर्वांत थोर वाटते.

५. पंख

इतकं तीक्ष्ण ऐकणाऱ्या पक्ष्याचे स्वतःचेच पंख फडफडले तर सगळं फुकट जाईल. कबुतर उडतं तेव्हा होणारा आवाज आठवा. घुबड डोक्यावरून गेलं तरी कळत नाही.

त्याला तीन कारणं आहेत. पंखाच्या पुढच्या कडेच्या पिसाला कंगव्यासारखे बारीक दाते असतात. ते समोरून येणारी हवा विंचरून तिच्या छोट्या छोट्या धारा करतात. मागच्या कडेला मऊ झालर असते. आणि पिसांवर मखमलीसारखी लव असते, त्यामुळे ती एकमेकांवर घासली तरी आवाज होत नाही. शिवाय वजनाच्या मानाने पंख मोठे, म्हणून फार फडफडावं लागत नाही. घुबड तरंगत येतं. जपानमध्ये १९९७ साली धावू लागलेल्या पाचशे मालिकेच्या बुलेट ट्रेनवर विजेच्या तारेला टेकणाऱ्या दांड्याचा आवाज कमी करण्यासाठी अभियंत्यांनी याच दात्यांचा धडा घेतला होता.

ही शांतता स्वतःला ऐकू यावं आणि भक्ष्याला ऐकू जाऊ नये यासाठी आहे, याचा पुरावा मत्स्य घुबड देतं. आपल्या नद्या-ओढ्यांच्या काठी दाट झाडीत राहणारं हे मोठं घुबड मासे, खेकडे, बेडूक खातं. पाण्यातल्या माशाला पंखांचा आवाज ऐकू जात नाही आणि घुबडालाही पाण्याखालचा मासा कानांनी शोधायचा नसतो. म्हणून त्याच्या पिसांना ते दाते नाहीत, चेहऱ्याची तबकडी अर्धवट आहे आणि ते उडतं तेव्हा पंख ऐकू येतात. त्याऐवजी त्याच्या पायांवर पिसं नसतात आणि तळव्यांना खरखरीत काटे असतात. निसटता मासा त्यांत अडकतो.

६. ढोलीतली भावंडं

गव्हाणी घुबडाची मादी साधारण चार ते सात अंडी घालते, पण एकदम नाही. दर दोन-तीन दिवसांनी एक. पहिलं अंडं घातल्याबरोबर ती उबवायला बसते. त्यामुळे पिल्लंही दोन-तीन दिवसांच्या अंतराने बाहेर येतात आणि घरट्यात थोरल्या-धाकट्यांची रांग लागते. थोरल्याला पिसं फुटू लागतात तेव्हा धाकटं नुसत्या लोकरीत असतं. उंदरांची चंगळ असेल तर सगळी जगतात, टंचाई असेल तर धाकटी दगावतात. वर्ष कसं जाणार हे मादीला अंडी घालताना माहीत नसतं, तेव्हा ही व्यवस्था क्रूर वाटली तरी तिच्यामुळे निदान काही पिल्लं पोटभर खाऊन मोठी होतात.

पण या रांगेत नुसती हिसकाहिसकी नसते. स्वित्झर्लंडमधल्या लोझान विद्यापीठात अलेक्झांडर रुलँ यांनी वर्षानुवर्षं या पिल्लांचे आवाज ऐकले. आईबाप घरट्यात नसतानाही पिल्लं एकमेकांना उद्देशून ओरडत असतात. ज्याला सर्वांत जास्त भूक, ते जास्त वेळा आणि लांब ओरडतं. बाकीची हळूहळू गप्प होतात आणि पुढचा उंदीर त्याच्यासाठी सोडतात. एकच उंदीर एकदम वाटता येत नाही, तेव्हा भांडून दमण्यापेक्षा आधीच ठरवलेलं सोयीचं. कधी कधी थोरलं पिल्लू आपल्या वाट्याचा घास धाकट्याला देतानाही दिसलं आहे. रात्रभर वाड्याच्या माळ्यावरून येणारं ते भयाण फुसफुसणं म्हणजे बहुतेक वेळा ही बोलणी असतात.

७. शेतकऱ्याचा हिशोब

घुबड लहान भक्ष्य सबंध गिळतं. हाडं, केस, दात पचत नाहीत. त्यांचा घट्ट गोळा होतो आणि काही तासांनी घुबड तो तोंडावाटे टाकतं. अभ्यासक त्याला पेलेट म्हणतात. घुबडाच्या बसायच्या जागेखाली असे काळपट गोळे पडलेले सापडतात. पाण्यात भिजवून चिमट्याने सोडवले, तर आतल्या कवट्या मोजून काल रात्री काय खाल्लं ते सांगता येतं. गव्हाणी घुबडाच्या गोळ्यांत मुख्यतः उंदीर आणि चिचुंद्र्या निघतात. हा प्रयोग शाळेत जरूर करावा, हातमोजे घालून.

आता हिशोब. एका घुबडाला रात्री सरासरी दोन उंदीर लागतात असं धरू. नर, मादी आणि चार पिल्लं म्हणजे सहा तोंडं, रात्री १२ उंदीर. महिन्याला ३६०. हा ढोबळ अंदाज आहे, पण गोदामाशेजारी घुबडाचं एक बिऱ्हाड असणं म्हणजे काय हे त्यावरून समजेल. मलेशियाच्या पाम तेलाच्या बागांत आणि इस्राएलच्या शेतांत याच कारणासाठी गव्हाणी घुबडांना लाकडी पेट्यांची घरटी लावून दिली जातात. इस्राएलमधल्या या कामात पुढे जॉर्डन आणि पॅलेस्टाइनचे शेतकरीही सामील झाले. आपल्याकडे हरभऱ्यात-कपाशीत अळी वेचणाऱ्या पक्ष्यांसाठी पक्षीथांबे रोवतात, ते रात्री घुबडालाही बसायला चालतात.

उलट उंदरांसाठी ब्रोमॅडिओलोनसारखं रक्त गोठू न देणारं विष वापरलं, तर तो उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस सुस्तावून उघड्यावर फिरतो आणि सहज सापडतो म्हणून नेमकं घुबडच त्याला उचलतं. विष मग घुबडाच्या आणि पिल्लांच्या पोटात जातं.

८. खानदेशातला रानपिंगळा

महाराष्ट्राने ज्याचा अभिमान बाळगावा असं एक घुबड आहे: रानपिंगळा. १८७३ मध्ये पक्षिअभ्यासक ए. ओ. ह्यूम यांनी त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. पुढे जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने खानदेशात त्याचे काही नमुने गोळा केले. त्यातला शेवटचा १८८४ मधला. त्यानंतर पक्षी दिसेनासा झाला. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या नामांकित संग्राहकाने मात्र १९१४ मध्ये गुजरातेत एक मिळवल्याची नोंद केली होती, आणि त्या नोंदीमुळे शोध चुकीच्या जागी होत राहिला.

पामेला रासमुसेन या अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञांनी तो नमुना तपासला तेव्हा उघड झालं, की तो डेव्हिडसनचाच होता. लंडनच्या संग्रहालयातून चोरून, पुन्हा पेंढा भरून, खोटी चिठ्ठी लावलेला. खोटी जागा बाद झाल्यावर जुन्या खऱ्या जागा उरल्या. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट तिथे शोधत निघाले आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळच्या सातपुड्यात, निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर, सकाळच्या उन्हात रानपिंगळा बसलेला दिसला. ११३ वर्षांनी! पुढे मेळघाटात, यावलला आणि २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यातही तो सापडला.

साध्या पिंगळ्याहून त्याचं डोकं मोठं, माथ्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, पाय दणकट आणि पिसांनी भरलेले. मुख्य म्हणजे तो दिवसा शिकार करतो. 'घुबडाला दिवसा दिसत नाही' म्हणणाऱ्याला आपल्याच राज्यातलं हे उत्तर आहे. २०१८ मध्ये त्याला 'अतिसंकटग्रस्त' यादीतून 'संकटग्रस्त' यादीत आणलं गेलं, ते जास्त ठिकाणी सापडला म्हणून. धोका टळलेला नाही. सागाची जुनी, ढोलीची झाडं तुटत आहेत आणि त्याला घर लागतं ते त्याच झाडांत.

९. अपशकुनाचं काय?

आजींच्या प्रश्नाकडे येऊ. घुबड घरावर बसतं कारण तिथून अंगण दिसतं आणि अंगणात उंदीर असतात. पूर्वी आजारी माणसाच्या घरातच रात्रभर दिवा जळायचा. दिव्यावर किडे, किड्यांवर पिंगळा, आणि जागरणामुळे त्याचा आवाज ऐकणारी माणसंही जागी. अशा घरी मृत्यू झाला की आवाज लक्षात राहायचा. बाकीच्या रात्री कुणाच्या लक्षात राहणार? भीतीचं मूळ याच योगायोगात असावं असं मला वाटतं. बंगालमध्ये तर पांढरं घुबड घरी येणं म्हणजे लक्ष्मी आली असं मानतात. हे पांढरं घुबड म्हणजे आपलं गव्हाणी घुबडच.

घुबडाला दगड मारला तर ते तो दगड पाण्यात झिजवतं आणि तसा माणूस झिजतो, अशीही एक समजूत आपल्याकडे आहे. घुबड दगड उचलत नाही. तरी या समजुतीने काही पक्ष्यांचे जीव वाचवले असतील. लक्ष्मीचं वाहन असण्याने मात्र उलटंच झालं. धनलाभासाठी घुबडाचा बळी देणारे मांत्रिक आहेत, आणि दिवाळीच्या सुमारास या चोरट्या व्यापाराला ऊत येतो, हे ट्रॅफिक या संस्थेच्या २०१० मधल्या अहवालाने समोर आणलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतातल्या सगळ्या घुबडांना संरक्षण आहे. पकडणं, विकणं, पाळणं, मारणं, सगळं गुन्हा आहे. पण अंधश्रद्धेविरुद्ध माहितीनेच लढता येतं. पुणे जिल्ह्यातल्या पिंगोरी गावी इला फाउंडेशनने २०१८ पासून घुबडांचा उत्सव सुरू केला, तिथे शाळकरी मुलं घुबडांची चित्रं काढतात, मुखवटे घालतात. मुलांची भीती गेली की ती घरच्या थोरांची भीतीही काढतात.

तुम्हाला करता येईल असं एवढंच सांगतो. जुन्या झाडाची ढोली सिमेंटने बुजवू नका. माळ्यावर घुबडाची पिल्लं दिसली तर दोन महिने माळा बंद ठेवा. तेवढ्यात ती उडून जातात. खाली पडलेलं पिल्लू सापडलं तर त्याला दूध-पाणी पाजू नका, फोटोसाठी हाताळू नका. भोकं पाडलेल्या खोक्यात जुन्या कापडावर ठेवा, कावळ्या-मांजरांपासून दूर, आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.